दोन आवाजांचें गाणें

गेल्या श्रावणांतली गोष्ट. दुपारचीं जेवणें उरकल्यावर नेहमींप्रमाणें मी ओसरीवरील आरामखुर्चींत पडलों होतों. बाहेर पावसाची बारीक झड लागली होती. माजघरांत माझी सोळा वर्षांची नात आपल्या मोबाईलवर गाणीं ऐकत बसली होती. हल्लींचीं गाणीं मला कळत नाहींत, म्हणून मीं तिकडे कानाडोळा केला होता. इतक्यांत आंतून एक किणकिणता, किंचित् अनुनासिक स्त्रीकंठ ऐकूं आला. पाठोपाठ एका पुरुषाचा बुजरा आवाज आला. आणि मग ते दोन्ही आवाज एकमेकांस सांभाळून घेत चालूं लागले. मी ताडकन् उठून बसलों. नात हंसत हंसत बाहेर आली आणि म्हणाली, “आजोबा, किती गमतीदार गातात हीं माणसें! शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलें गातात ना, अगदीं तशीं! आणि हें म्हणे फार प्रसिद्ध गाणें आहे. एवढें काय आहे हो त्यांत?”

तिच्या प्रश्नांत टवाळी नव्हती. निखळ कुतूहल होतें. तरीही मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. ‘जुनें तें सोनें’ असें कांहीं तरी पुटपुटून मीं वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनांत घर करून राहिला. हा लेख म्हणजे तें राहून गेलेलें उत्तर होय. तें थोडें लांबलें आहे, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. कारण गाण्याचा हिशेब मांडावयास बसलों, तों त्यांत आमच्या घराचाही हिशेब येऊन मिसळला.

गाणें ‘बनकी चिडिया’ या नांवानें ओळखलें जातें. १९३६ सालीं मालाडच्या बाँबे टॉकीज या संस्थेनें ‘अछूत कन्या’ नांवाचा बोलपट काढला, त्यांतलें तें द्वंद्वगीत. गाणारीं दोघें म्हणजे देविकाराणी व अशोककुमार. नात म्हणते तें कांहीं अगदींच खोटें नाहीं. अशोककुमार हे त्या वेळीं गवई तर नव्हतेच, पण धड नटही नव्हते. त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेंत ते कामास होते, आणि तेथून त्यांना जवळजवळ ओढूनच कॅमेऱ्यापुढें उभें करण्यांत आलें होतें. पार्श्वगायनाची युक्ति कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें १९३५ सालीं आपल्या बोलपटांत योजिली होती खरी. परंतु तिचा सार्वत्रिक प्रसार व्हावयाचा होता. ज्यानें भूमिका करावयाची त्यानेंच गावयाचें, हाच तेव्हांचा सर्वसाधारण शिरस्ता. गळा असो वा नसो, गाणें ज्याचें त्यानेंच निभावून न्यावयाचें!

हें निभावून नेण्यामागें एका स्त्रीची बुद्धि होती. बोलपटाच्या संगीतकार सरस्वतीदेवी. यांचें मूळ नांव खुर्शीद मिनोचेर-होमजी. संगीताचें शिक्षण त्यांना पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीनें मिळालेलें. आपल्या समाजांतील कुलीन मुलींनीं सिनेमांत जावें ही गोष्ट पारशी मंडळींना रुचली नाहीं. बराच गहजब झाला. आणि हिमांशु राय यांनीं खुर्शीदबाईंना ‘सरस्वतीदेवी’ व त्यांच्या भगिनीला ‘चंद्रप्रभा’ अशीं नवीं नांवें दिलीं. रागदारी जाणणाऱ्या या विदुषीनें न गाणाऱ्या माणसांसाठीं चाली बांधल्या. स्वरांचा आवांका लहान, ताना नाहींत, मुरक्या बेताच्या, लय झोपाळ्यासारखी. गवयाच्या गळ्यांत तें गाणें कदाचित् फिकें वाटलें असतें. साध्या माणसाच्या गळ्यांत तें बरोबर बसलें. आणि म्हणूनच ऐकणाऱ्या प्रत्येक साध्या माणसास तें आपल्यालाही म्हणतां येईल असें वाटलें. त्याच्या चिरंजीवित्वाचें पहिलें कारण मला हेंच दिसतें. थोर गाण्यापुढें आपण हात जोडतों. असल्या गाण्याला आपण घरांत घेतों.

परंतु दुसरें कारण याहून खोल आहे, आणि तें कळावयास तेव्हांचें घर डोळ्यांपुढें आणावयास पाहिजे. पुरुषानें व स्त्रीनें एकमेकांस उद्देशून, एकाच चालींत, बरोबरीनें गाणें ही गोष्ट आमच्या वाडवडिलांना नवलाची होती. आमच्या नाशिकचे दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हां तारामतीचें काम करावयास त्यांना पुरुषच घ्यावा लागला. रंगभूमीवरही तीच स्थिति. १९२१ सालच्या ज्या संयुक्त ‘मानापमाना’चें कौतुक आमचे आजोबा मरेपर्यंत करीत होते, त्यांत धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व! पुढें १९३३ सालीं नाट्यमन्वंतर या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली, तेव्हां स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या, आणि त्याची केवढी चर्चा झाली!

घरांत तर रंगभूमीहूनही कडक बंदोबस्त. एकत्र कुटुंबांतील सुनेनें वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशीं बोलावयाचें नाहीं, नवऱ्याचें नांव घ्यावयाचें तें उखाण्यांतच, आणि कांहीं निरोप असेल तर तो लहान मुलाच्या तोंडून. दिवसभर एका छपराखालीं वावरणाऱ्या त्या दोघांमध्यें सहज संभाषण म्हणून व्हावयाचेंच नाहीं. अशा घरांत तबकडीवरून एक तरुणी बोलते, तरुण उत्तर देतो, मग दोघें मिळून एकच ओळ म्हणतात. कोणी दटावीत नाहीं, कोणी खांकरत नाहीं! आज आपणांस तें प्रेमगीत वाटतें. त्या माजघरांतल्या बायकांना तें प्रथम संभाषण वाटलें असलें पाहिजे.

हें मी तर्कानें लिहीत नाहीं. आमच्या घरीं तें गाणें अक्काचें होतें.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. तिचा जन्म १९२० चा. पंधराव्या वर्षीं तिचें लग्न झालें आणि अठराव्या वर्षीं ती विधवा होऊन आमच्या पंचवटींतील वाड्यांत परत आली. यजमान विषमज्वरानें बारा दिवसांत गेले. तिला हिंगण्यास कर्व्यांच्या संस्थेंत शिकावयास पाठवावें, असें आजोबांच्या मनांत आलें होतें. आजीनें अन्न सोडलें आणि तो विचार तेथेंच राहिला. केशवपनाचा काळ मागें पडत चालला होता, एवढेंच तिचें भाग्य. बाकी सोवळ्याचा स्वयंपाक, देवघर, आल्यागेल्यांचीं बाळंतपणें, आणि आम्हां पोरांचें दुखणेंखुपणें यांत तिचें आयुष्य गेलें.

हीच अक्का दुपारीं ताक घुसळतांना तें गाणें गुणगुणत असे. त्यांत एक चमत्कार होता; लहानपणीं मला तो विनोद वाटे. ती दोन्ही भाग म्हणे. देविकाराणीचा भाग आपल्या आवाजांत आणि अशोककुमारांचा भाग मुद्दाम जड, घोगरा आवाज काढून. आम्ही पोरें खिदळत असूं. तीही हंसे, आणि रवीची दोरी पुन्हां ओढूं लागे.

त्यामागची हकीकत तिनें मला फार उशिरां, स्वतःच्या साठीनंतर सांगितली. १९३७ च्या आरंभीं ती सासरच्या मंडळींबरोबर तो बोलपट पाहावयास गेली होती. बायकांची बसण्याची सोय वेगळी. ती सासूशेजारीं बसलेली. यजमान कोठें तरी मागें पुरुषांत. गाणें सुरू झालें तेव्हां तिला वाटलें, मागें वळून पाहावें. पण अंधारांत दिसणार काय, आणि सासूबाई काय म्हणतील? परततांना बायका टांग्यांत व पुरुष पायीं. रात्रीं खोलीचें दार लावल्यावर यजमानांनीं पुरुषाचा भाग हलकेंच गुणगुणला आणि म्हटलें, आतां तूं तुझा म्हण. भिंतीपलीकडे सासूसासरे. लाजेनें तिचा कंठच फुटेना. “उद्यां म्हणेन,” असें ती म्हणाली. दुसऱ्या दिवशींही तोच संकोच. मग आजार आला. “आतां मी दोन्ही म्हणतें,” अक्का मला म्हणाली, “माझा भाग मला येत होता रे. त्यांना वाटलें असेल, हिला येतच नाहीं.”

सांगतांना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतें. चाळीस वर्षें झालीं होतीं. पण तें गाणें एवढें कां टिकलें याचा विचार करतांना मला नेहमीं तें वाक्य आठवतें. द्वंद्वगीताला दोन माणसें लागतात. एक जरी गप्प बसलें तरी तें गाणें अपुरें राहतें, आणि अपुरें राहिलेलें गाणें मनांतून जात नाहीं.

येथवर लिहून थांबलों असतों तर लेख गोड झाला असता. परंतु बोलपटाचें नांव ‘अछूत कन्या’ आहे, हें विसरून कसें चालेल? आमच्या घरांत आम्हीं तें बरींच वर्षें विसरून दाखविलें.

बोलपटाची कथा निरंजन पाल यांची. प्रताप हा ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा. कस्तुरी ही रेल्वेच्या फाटकावरील अस्पृश्य नोकराची मुलगी. प्रतापच्या बापाला साप चावला असतां कस्तुरीच्या बापानें त्याचे प्राण वांचविलेले. त्यावरून दोन घरांत स्नेह. मुलें एकत्र वाढतात, एकमेकांवर जीव जडवितात. पण लग्न होऊं शकत नाहीं. दोघांचींही आपापल्या जातींत लग्नें लागतात. पुढें गैरसमज माजतो. कस्तुरीचा नवरा प्रतापवर धांवून जातो. रुळांवर त्यांची झोंबी चाललेली असतांना आगगाडी येते. आणि ती थांबविण्यासाठीं कस्तुरी गाडीच्या समोर धांवत जाऊन प्राण देते. तिच्या मृत्यूच्या जागीं तिचें स्मारक उभें राहतें. कथेचा आरंभही त्या स्मारकापासूनच होतो.

आतां या कथेंत तें गाणें ठेवून पाहा. ती पक्षीण व्हावयास निघते, तो पक्षी होऊन तिच्या संगतीस निघतो. रूपाची स्तुति नाहीं, शपथा नाहींत, विरहाच्या धमक्या नाहींत. दोघांचें मागणें एकच, आम्हांला पांखरूं होऊं द्या. वरवर पाहतां ही कवींची नेहमींची कल्पना. पण बोलणारीं कोण आहेत हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचा अर्थ पालटतो. पांखरांचे पाणवठे वेगळे नसतात. माणूस राहून एकत्र येणें आपल्या नशिबीं नाहीं, हें त्या दोघांनाही मनांतून ठाऊक आहे; म्हणून तीं माणूसपणाचा राजीनामा देऊं पाहतात. एवढ्या आनंदी चालींत एवढी दुःखाची गोष्ट सांगितलेली मला अन्यत्र क्वचितच आढळली. आम्हीं चाल उचलली आणि गोष्ट तेथेंच ठेवली.

आमच्या वाड्यापासून काळारामाचें मंदिर पांच मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० या दिवशीं डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख कार्यकर्ते होते. त्या वर्षींच्या रामनवमीच्या सुमारास रथाच्या प्रसंगावरून दगडफेक झाली. सत्याग्रह पुढें काहीं वर्षें चालूं राहिला; दरवाजे उघडले नाहींत; आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं आमच्याच जिल्ह्यांतील येवल्यास डॉ. आंबेडकर यांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, ही घोषणा केली. आमचे आजोबा वकील, वृत्तीनें न्यायी, सभांतून सुधारणेच्या बाजूनें बोलणारे. त्या रामनवमीला त्यांनीं रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. हें त्यांनींच मला सांगितलें, आणि सांगतांना त्यांचा स्वर खालीं गेला होता.

त्यानंतर सातच वर्षांनीं त्याच घरांतल्या बायका ‘अछूत कन्या’ पाहून पदरानें डोळे पुसत परत आल्या. १९३५ सालीं ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेंत पाहूनही त्या अशाच गहिंवरल्या होत्या. खिडक्या लावणारें आणि डोळे पुसणारें घर एकच. दोन्ही वेळां तें प्रामाणिक होतें, हेंच त्यांतलें कोडें आहे.

१९५५ सालीं मी आठ वर्षांचा होतों. त्याच वर्षीं अस्पृश्यतेबद्दल शिक्षा सांगणारा कायदा अमलांत आला. आमच्या वाड्याच्या मागच्या दारीं शेतखाना साफ करण्यासाठीं एक बाई येत असे. काम झालें कीं ती ओंजळ धरून उभी राही आणि अक्का उंबऱ्याच्या आंतून, हातभर उंचीवरून तिच्या ओंजळींत पाणी ओती. एके दिवशीं अक्का गुणगुणतच मागच्या दारीं आली. त्या बाईनें पाणी पिऊन तोंड पुसलें आणि म्हणाली, “आक्का, ह्ये गानं त्या शिनेमातलं न्हवं? म्या बी पाह्यलाय. तंबूत आला व्हता.”

अक्का म्हणाली, “हो, त्यांतलेंच.”

“त्यातली ती पोर शेवटाला मरती.”

“हो, मरते.”

ती बाई झाडू उचलीत म्हणाली, “मरंल न्हाई तर काय करंल? मेली म्हनून द्येवी झाली. जगली असती तर तिला पानी कुनी दिलं असतं?”

मी दाराशीं उभा होतों. तिच्या बोलण्यांत राग नव्हता. हवापाण्याविषयीं बोलावें तशी ती बोलली आणि निघून गेली. अक्का कांहींच बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशींही पाणी वरूनच ओतलें गेलें. त्या प्रश्नानें घर पालटलें असें मी लिहिलें, तर तें खोटें होईल.

परंतु त्या बाईनें एका वाक्यांत जी समीक्षा केली तिच्यापुढें बोलपटांवरचें पुष्कळ लिखाण मला फिकें वाटतें. तिनें दुखरी जागा नेमकी दाखविली. प्रेक्षकांना रडतां यावें म्हणून कस्तुरीला मरावें लागलें. ती जगली असती, प्रतापच्या घरीं सून म्हणून आली असती, तर थिएटरांतल्या हुंदक्यांचें काय झालें असतें? पुढें १९५९ सालीं बिमल रॉय यांनीं ‘सुजाता’ काढला. त्यांत अस्पृश्य मुलगी ब्राह्मण घरांत वाढते आणि ब्राह्मण तरुणाशीं तिचा विवाहही ठरतो. पण त्याआधीं पालनकर्त्या आईला आपलें रक्त देऊन तिला आपली योग्यता सिद्ध करावी लागते. १९३६ सालीं प्राण, १९५९ सालीं रक्त. भाव थोडा उतरला, एवढेंच. आणि २०१६ सालीं नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्यांतल्या दोघांचीं गाणीं साऱ्या महाराष्ट्रानें लग्नाच्या वरातींत वाजविलीं. त्या गाण्यांच्या शेवटीं त्या दोघांचे खून होतात, हें वरातीला आठवत नव्हतें. आम्हीं जें १९३७ सालीं केलें, तेंच पुन्हां झालें.

आतां माझ्याविषयीं. मी महाविद्यालयांत मराठी शिकवीत असें. संतवाङ्मय हा माझा विषय. एकनाथांची भूतदया आणि तुकारामांचें समत्व यांवर बोलतांना माझा आवाज भरून येई, असें विद्यार्थी म्हणत. १९९१ सालीं माझ्या पुतणीनें घरांत सांगितलें कीं, आपल्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुणाशीं लग्न करण्याचा तिचा निश्चय झाला आहे. मुलगा इंजिनिअर, शांत, सुस्वभावी. १९५६ सालीं त्याचें घर बौद्ध झालें होतें. माजघरांत बैठक बसली. दादा, म्हणजे तिचे वडील, रागावले नाहींत. ते माझ्याकडे पाहूं लागले. घरांतला शिकलेला, सुधारक म्हणविणारा मीच.

मी म्हणालों, “माझी व्यक्तिशः कांहीं हरकत नाहीं, पण…”

त्या ‘पण’च्या पुढें मी बराच वेळ बोललों. धाकट्या मुलींचीं लग्नें, नातेवाईक, चालीरीतींतला फरक, मुलीचें पुढील सुख. कांहींच वाईट बोललों नाहीं. माझें बोलणें इतकें सौम्य होतें कीं, त्या सौम्यपणाचीच आज मला लाज वाटते. आजोबांनीं खिडक्या लावल्या होत्या. मीं त्या सभ्य शब्दांनीं लावल्या.

कोपऱ्यांत अक्का वाती वळीत बसली होती. वय एकाहत्तर. घरच्या बैठकींत ती कधीं बोलत नसे आणि तिला कोणी विचारीतही नसे. वातींचें तबक बाजूस सारून ती म्हणाली, “मला फार वर्षांपूर्वीं मागच्या दारीं एका बाईनें एक प्रश्न विचारला होता. त्याचें उत्तर द्यावयाचें राहून गेलें आहे. पोरीच्या लग्नाला मी जाणार.”

तिचा प्रश्न कोणता हें त्या बैठकींत फक्त मला कळलें. इतरांना वाटलें, म्हातारी भ्रमली.

विवाह नोंदणीपद्धतीनें झाला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें तीन साक्षीदार लागतात. त्यांतली एक सही अक्काची आहे. मोठ्या, वेड्यावांकड्या अक्षरांतली. घरांतून दुसरें कोणी गेलें नाहीं. मीं महाविद्यालयांत काम असल्याचें सांगितलें. त्या दिवशीं माझा एकही तास नव्हता.

पुढें अक्का अधूनमधून पुतणीकडे राहावयास जाऊं लागली. १९९६ सालीं अशीच ती तेथें असतांना तिचीं औषधें संपलीं, तीं घेऊन मी गेलों. त्या घरीं माझी ती पहिलीच खेप. सायंकाळची वेळ होती. दार अर्धवट उघडें होतें. मी हांक मारणार, तों आंतून तें गाणें ऐकूं आलें. अक्काचा आवाज पार थकला होता, शब्द दांतांतून निसटत होते. पण ती आपला भाग म्हणत होती. मी वाट पाहूं लागलों, आतां ती आवाज जड करील. तिनें केला नाहीं. पुरुषाचा भाग पुतणीच्या यजमानांनीं म्हटला. आवाज साधा, किंचित् बेसूर, अशोककुमारांपेक्षांही बुजरा. मग दोघांनीं मिळून शेवट केला, आणि पुतणीचा दोन वर्षांचा मुलगा टाळ्या वाजवूं लागला.

मी दाराबाहेर किती वेळ उभा होतों, सांगतां येत नाहीं. पुतणीच्या सासूबाईंनीं मला पाहिलें आणि “या ना, भाऊ,” म्हणून आंत नेलें. बोलतां बोलतां त्यांच्याकडून कळलें कीं, त्यांचे सासरे १९३० सालीं काळारामापुढच्या सत्याग्रहांत होते. म्हणजे आमच्या लावलेल्या खिडक्यांच्या बाहेर! त्यांनीं तें सहज सांगितलें. मला टोंचावें म्हणून नव्हे. मग त्यांनीं तांब्याभांडें आणलें आणि माझ्या हातांत भांडें दिलें. मी पाणी प्यालों. त्यांत विशेष असें कांहींच नव्हतें. विशेष एवढेंच कीं, तेथवर पोहोंचावयास मला पांच वर्षें लागलीं होतीं, आणि आमच्या घराला साठ.

अक्का १९९९ सालीं गेली. देविकाराणी १९९४ सालीं, अशोककुमार २००१ सालीं. देविकाराणींना १९६९ चा पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला होता, आणि फाळके आमच्या नाशिकचे, याचा अक्काला उगीचच अभिमान वाटे.

परवां मीं नातीला जवळ बसवून हें सर्व सांगितलें. गाणें कसें झालें, कोणीं गायिलें, चाल कोणाची, अक्का दोन्ही भाग कां म्हणे, सर्व. मला वाटलें होतें, ती गाण्याविषयीं कांहीं विचारील. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आजोबा, पाणी वरून ओतायचें, तें याच घरांत? आपल्या मागच्या दारीं?”

मी ‘होय’ म्हणालों. ती उठून मागें गेली. तें दार आतां बुजविलें आहे. तेथें कपडे धुण्याचें यंत्र आहे. परत येऊन तिनें विचारलें, “त्या बाईंचें नांव काय होतें?”

मला तें सांगतां आलें नाहीं. गाण्याची जन्मकथा मला पाठ होती. संगीतकार बाईंचें मूळ नांवसुद्धां मीं तिला सांगितलें होतें. पण पांचसहा वर्षें रोज आमच्या दारीं आलेल्या त्या बाईचें नांव मला ठाऊक नव्हतें. अक्काला कदाचित् ठाऊक असेल. तिला मीं तें कधीं विचारलें नाहीं.